हजेरीपटाबाहेरच्या कामगारांसाठी: कायम कामगारांच्या संघटनांना खुले पत्र

कामगार संघटनांच्या सर्व पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

करार संपत आला की आपण मागणीपत्र तयार करायला बसतो. मूळ पगारातली वाढ, महागाई भत्ता, बोनस, पाळीभत्ता, वैद्यकीय विमा, बदल्यांचे धोरण, सगळे त्यात येते. कंत्राटी कामगारांना कायम करा, असे एक कलमही पुष्कळदा असते, आणि वाटाघाटी अडल्या की सर्वांत आधी सोडले जाते तेही तेच. ॲपवरून एकेक काम घेऊन त्यावर कमावणाऱ्या, म्हणजे गिग कामगारांबद्दल मात्र एक ओळही नसते. ती ओळ आता यायला हवी, आणि शेवटच्या पानावर येऊन चालणार नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

मीही तुमच्यासारखाच कायम नोकरीतला, वर्गणी भरणारा सभासद आहे. गिग कामगारांची दया करा, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याबाबत जे चालले आहे ते आपल्या नोकरीच्या मुळाशी येऊन भिडले आहे, आणि आपण अजून ते शेजारच्या घरातले भांडण असल्यासारखे पाहतो आहोत, ही माझी तक्रार आहे.

आपल्याला मिळणारी संरक्षणे एकदा डोळ्यांसमोर आणा. किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, ओव्हरटाइमचा वाढीव दर, भरपगारी रजा, प्रसूती रजा, कामावर इजा झाली तर भरपाई, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, नोटीस आणि चौकशीशिवाय काढता न येणे, संघटना करून सामूहिक करार करण्याचा हक्क. देशोदेशी यांचे कायदे वेगवेगळे आहेत, पण जवळजवळ सगळे एका गोष्टीपासून सुरू होतात: समोरचा माणूस मालकाचा नोकर आहे की नाही. तो नोकर असेल तर हे सगळे लागू होते, नसेल तर यातले फारसे काहीच उरत नाही. गिग कंपन्यांनी यातला एकही कायदा रद्द करून घेतलेला नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही. ॲप पहिल्यांदा उघडताना अटी स्वीकारायच्या असतात, त्यांत ‘मी स्वतंत्र व्यावसायिक आहे’ हे एक वाक्य असते. त्या एका वाक्याने वरची सगळी यादी त्या माणसापुरती पुसली जाते. दर कंपनी ठरवते, ग्राहक कंपनीचा असतो, कोणते काम कोणाला द्यायचे हे कंपनी ठरवते, रेटिंग घसरले की आयडी कंपनी बंद करते. तरीही कागदावर तो स्वतंत्रच.

यातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. ती म्हणजे थांबण्याचा वेळ.

नोकरीत काम नसण्याचा धोका मालकाचा असतो. यंत्र बंद पडले, वीज गेली, दुकानात दुपारभर गिऱ्हाईक फिरकले नाही, तरी पाळीवर असलेल्या माणसाचा पगार चालू राहतो. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की तो आपण मिळवलेला हक्क आहे याचाही विसर पडतो. गिग कामात पैसे मिळतात ते ऑर्डर स्वीकारल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतचे. दोन ऑर्डरींमधला वेळ, रिकामे परत येण्याचा वेळ, रस्त्याच्या कडेला मोबाइलकडे बघत काढलेला वेळ, हा सगळा कामगाराच्या खात्यात. समजा, एखादा माणूस बारा तास ॲपवर हजर होता आणि त्यातले सात तासच प्रत्यक्ष ऑर्डरीत गेले. ताशी कमाईचा जो आकडा त्याला दाखवला जातो तो सातने भागून काढलेला असतो. त्याचे आयुष्य मात्र बारा तासांनी खर्च झालेले असते. वाहन, इंधन, दुरुस्ती आणि मोबाइल यांचा खर्च वजा केल्यावर काय उरते हा आणखी पुढचा हिशेब.

थांबणे कंपनीला फुकट पडते, म्हणूनच ती हवी तेवढी माणसे ॲपवर घेऊ शकते. माणसे जितकी जास्त उभी, तितके ग्राहकाला लवकर मिळते आणि तितका प्रत्येकाच्या वाट्याला येणारा धंदा कमी. आपल्या कारखान्यात गरजेपेक्षा जास्त माणसे घेतली तर त्याची झळ मालकाच्या ताळेबंदाला बसते. इथे ती झळ उभ्या असलेल्या माणसांमध्ये वाटली जाते. एका बाजूचा खर्च शून्य असला की ती बाजू कधीच आवर घालत नाही, यात कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही.

न्यायालयांनीही याच जागेवर बोट ठेवले आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवले. चालक, त्याला परवाना असलेल्या हद्दीत, ॲप सुरू ठेवून भाडे घ्यायला तयार असतो तो सगळा वेळ कामाचाच, असेही त्याच निकालात मान्य झाले. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये ॲपवरच्या डिलिव्हरी कामगारांसाठी किमान मोबदला लागू केला तेव्हा प्रतीक्षेचा वेळही हिशेबात धरला. त्यानंतर काही कंपन्यांनी तिथे एका वेळी किती जणांना लॉगिन करता येईल यावर मर्यादा घातल्या. यामुळे काहींचे तास कमी झाले, ही अडचण खरी आहे आणि ती लपवू नये. पण थांबण्याला किंमत लागताच कंपन्यांना माणसांची गरज मोजता येऊ लागली, हेही त्यातूनच दिसले.

याच्या उलट कॅलिफोर्नियाचे उदाहरण आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एक कसोटी घालून दिली होती: माणूस नोकर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. काम करणारा कंपनीच्या नियंत्रणाबाहेर आहे, त्याचे काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातले नाही, आणि त्याचा स्वतःचा असा वेगळा व्यवसाय आहे, या तिन्ही गोष्टी कंपनीने दाखवायच्या. पुढे विधिमंडळाने तिचा कायदा केला. मग ॲप कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम प्रचारावर खर्च करून, ॲपवरच्या चालकांना स्वतंत्र व्यावसायिकच ठरवणारा प्रस्ताव २२ नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांकडून मंजूर करून घेतला. त्यात किमान वेतनाच्या १२० टक्के कमाईची हमी आहे. ऐकायला चांगली वाटते. पण ती हमी फक्त ऑर्डर स्वीकारल्यापासून पूर्ण होईपर्यंतच्या वेळेला लागू आहे, थांबण्याला नाही. म्हणजे ज्या मुद्द्यावर सगळी लढाई होती तोच बाहेर ठेवून उरलेल्यावर उदारपणा दाखवला गेला. शिवाय विधिमंडळाला या कायद्यात दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश बहुमत लागेल अशी तरतूदही करून ठेवली.

तंत्रज्ञान नवे आहे, जुने कामगार कायदे त्याला बसत नाहीत, असे आपल्याला सारखे ऐकवले जाते. आपल्यातलेही काही जण ते मान खाली घालून ऐकून घेतात. म्हणून जुना इतिहास आठवून द्यावासा वाटतो. १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला. त्या काळी सकाळी फाटकाशी माणसांचा लोंढा जमायचा, मुकादम त्यातल्या काहींना निवडून आत घ्यायचा, आणि काम तासाभरात संपले तर मजुरीही तासाचीच. संपाची एक मागणी होती ताशी सहा पेन्सची. दुसरी होती ती एकदा आत घेतले की किमान चार तासांचे काम मिळालेच पाहिजे, ही. मालकाने थांबण्याची किंमत द्यावी, एवढेच तिचे सार आहे. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७३ मध्ये गोदी कामाबद्दलचा १३७ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात गोदी कामगारांची नोंदणी आहे आणि त्यांना कामाच्या किमान कालावधीची किंवा किमान उत्पन्नाची हमी देण्याचे तत्त्व आहे. जहाज कधी येईल याचा नेम तेव्हाही नव्हता. तरी हमी देता आली.

महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांचा कायदा १९६९ मध्ये झाला. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्याचा मालक सकाळी एक, दुपारी दुसरा. म्हणून कायद्याने मंडळे केली, कामगार आणि मालक दोघांचीही तिथे नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत द्यायची असे ठरवले, आणि मजुरीवर मालकांकडून लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस यांची सोय केली. अंमलबजावणीत अनेक त्रुटी आहेत, ते मी नाकारत नाही. पण एक मालक नसलेल्या, रोज काम बदलणाऱ्या माणसाला संरक्षण देता येत नाही हे म्हणणे तिथेच खोटे ठरले आहे. तेही हाताने नोंदवह्या भरण्याच्या काळात. आज तर प्रत्येक ऑर्डरीचा मिनिटामिनिटाचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर पडलेला असतो.

आता आपल्या स्वतःच्या नोकऱ्यांकडे येतो.

एकाच धंद्यात दोन कंपन्या आहेत असे धरा. एक माणसे पगारावर ठेवते, दुसरी ॲपवरून घेते. दुसरीची सेवा स्वस्त असते. ती जास्त कार्यक्षम आहे म्हणून नव्हे. रजा, विमा, निधी, अपघात आणि मोकळा वेळ यांचा खर्च तिने कामगारावर ढकलला म्हणून. पहिल्या कंपनीचे व्यवस्थापन पुढच्या वाटाघाटीत आपल्यासमोर हाच आकडा ठेवते. कायम माणसाला कोणी काढत नाही, तसे केले तर गोंधळ होतो. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही, एवढेच होते. मग त्या पदाचे तुकडे पडतात: पोहोचवण्याचे काम ॲपवर जाते, नोंदी करण्याचे बाहेर जाते, ग्राहकांच्या तक्रारी घरबसल्या, नगावर पैसे घेणाऱ्यांकडे जातात. काही वर्षांनी ते पदच आस्थापनेच्या यादीतून गळते आणि कुठल्याही सभेत त्यावर चर्चा झालेली नसते. कॅलिफोर्नियात प्रस्ताव २२ मंजूर झाल्यावर काही महिन्यांच्या आतच अल्बर्टसन्स या मोठ्या किराणा साखळीने काही भागांत स्वतःचे घरपोच सेवेचे चालक बंद करून ते काम ॲपच्या चालकांकडे दिले. कंपनीने त्याचे कारण काहीही सांगितले असो, घटनांचा क्रम आपण नीट पाहायला हवा.

हे फक्त चालक आणि डिलिव्हरीपुरते राहिले आहे असे समजू नका. परिचारिकांच्या पाळ्या, शिकवण्या, भाषांतरे, हिशेब, घरांची साफसफाई, दुरुस्ती, सगळीकडे ॲप पोहोचले आहे. आणि जिथे नोकरी कायम आहे तिथेही त्या ॲपची पद्धत शिरते आहे: स्क्रीनवरून ठरणाऱ्या पाळ्या, सेकंदात मोजले जाणारे काम, ग्राहकाच्या ताऱ्यांवरून ठरणारी बढती. सामाजिक सुरक्षेच्या निधीचेही तेच. वर्गणी भरणारे हजेरीपटावरून जितके कमी होतील, तितका आपल्या निवृत्तिवेतनाचा पाया आकुंचन पावेल.

इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाचा २०२० च्या डिसेंबरमधला निकाल मला फार बोलका वाटतो. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीची प्रणाली कामगारांना गुण देऊन, जास्त गुण असलेल्यांना पाळ्या आधी निवडू देत असे. ठरलेल्या पाळीला न आलेल्याचे गुण ती कमी करत असे, मग तो आजारी असो, संपावर असो वा नुसता आला नसो. प्रणालीच्या लेखी सगळे सारखेच. न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. संपाच्या हक्कावर बंदी घालायला इथे कोणताही आदेश लागला नव्हता, गुणांचे एक सूत्र पुरले होते. उद्या असेच सूत्र आपल्या रजेच्या अर्जांवर चालले तर ते कोणाला विचारायचे, याचे उत्तर आपल्यापैकी किती संघटनांकडे आहे?

स्पेनकडे आहे. २०२१ मध्ये तिथे रायडर कायदा झाला. डिलिव्हरी कामगार हा नोकरच आहे असे गृहीत धरायचे, हा त्याचा गाजलेला भाग. दुसरा भाग तितका गाजला नाही: कामाच्या अटींवर परिणाम करणाऱ्या अल्गोरिदमचे, म्हणजे अशा संगणकी सूत्रांचे, निकष कामगारांच्या प्रतिनिधींना सांगण्याचे बंधन त्याने सर्व कंपन्यांवर घातले, केवळ ॲप कंपन्यांवर नव्हे. सायकलवरच्या मुलांच्या लढ्यातून बँकेतल्या आणि कारखान्यातल्या कायम कामगारांना नवा हक्क मिळाला. युरोपीय संघाचा २०२४ चा प्लॅटफॉर्म कामाचा, म्हणजे ॲपसारख्या माध्यमांवरून मिळणाऱ्या कामाचा, निर्देशही याच दिशेने जातो. कंपनीचे नियंत्रण दिसले तर नोकरीचे नाते गृहीत धरायचे आणि ते नाही हे कंपनीने सिद्ध करायचे. खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा, यंत्राने नाही. सदस्य देशांना तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यांत आणायचा आहे.

या कामात मोकळीक आहे आणि ती अनेकांना हवी आहे, असे म्हणणाऱ्यांचे मी ऐकून घेतो. शिकणाऱ्यांना, घरी म्हाताऱ्या माणसांचे करणाऱ्यांना, दुसरी नोकरी सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्यांना ठरलेल्या वेळेची नोकरी जमत नाही. त्यांची गरज खोटी नाही. पण नोकर असणे म्हणजे नऊ ते पाच बसणे, असे कायदा कुठेच म्हणत नाही. अर्धवेळ नोकरी आहे, बदलत्या पाळ्या आहेत, तासांवर नोकरी आहे. वेळ स्वतः ठरवण्याची मुभा हवी असेल तर अपघात विमा सोडा, ही अट कोणी घातली? आणि जो खरोखर स्वतंत्र आहे, स्वतःचा दर सांगतो, स्वतःचे ग्राहक जोडतो, काम नाकारले तरी ज्याचे काही बिघडत नाही, त्याला नोकर करायला कोणी निघालेले नाही.

कायद्याच्या पळवाटांचाही अंदाज असू द्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरूच्या कामगारांना सामूहिक वाटाघाटीचे संरक्षण नाकारले. मुख्य कारण होते, स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवण्याची करारातली मुभा. एका कलमावर संघटनेची अनेक वर्षांची मेहनत अडली. तशी कलमे आता जगभरच्या करारांत शोधून वाचायला हवीत.

भारताच्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲग्रिगेटरने, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीने, उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यायची आहे. याचे स्वागत करावे. पण ती सुरक्षा योजनांपुरती आहे. किमान वेतन, कामाचे तास, अन्यायाने काढण्यापासून संरक्षण, यांपैकी काही तिच्याने मिळत नाही. नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यामध्ये अशी तिसरी पायरी केली की माणसे खालून वर चढतील, अशी आशा असते. मला भीती उलटी वाटते. वरच्या पायरीवरची पदे तिथे उतरवली जातील, कारण ते आता कायदेशीरही आणि स्वस्तही असेल.

म्हणून काही गोष्टी मागतो. सगळ्यांत आधी आपल्या संघटनेच्या घटनेतले सभासदत्वाचे कलम बदला. हजेरीपटावर नाव असेल तरच सभासद, ही अट ज्या काळात लिहिली त्या काळात ॲपवरचा कामगार नव्हता. वर्गणी कमी ठेवा, कारण त्याची कमाई रोज बदलते. डेन्मार्कमध्ये ३एफ या संघटनेने २०१८ मध्ये हिल्फर या साफसफाईच्या प्लॅटफॉर्मशी सामूहिक करार केला. शंभर तासांचे काम झाले की माणूस, त्याने स्वतः नकार दिला नाही तर, नोकर धरला जातो. संघटनेने मनावर घेतले म्हणूनच हे झाले. स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर ठरवणे म्हणजे स्पर्धा कायद्याचा भंग, अशी धमकी तुम्हाला ऐकू येईल. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून एकट्याने काम करणाऱ्यांच्या सामूहिक करारांना त्या कायद्यातून वाट करून दिली आहे. तशीच तरतूद आपापल्या सरकारांकडे मागा.

मागणीपत्रात एक ठोस कलम घाला: आस्थापनेतले कोणतेही काम ॲपकडे द्यायचे असेल तर संघटनेला आधी कळवावे, आणि ते काम करणाऱ्याला, थांबण्याचा वेळ धरून, त्याच कामाच्या कायम कामगाराइतका ताशी मोबदला मिळावा. हे कलम असेल तर काम बाहेर देण्यातला फायदाच संपतो. पगारवाढीत थोडे मागेपुढे झाले तरी चालेल, पण हे कलम वाटाघाटीत सोडू नका.

आणि जे राष्ट्रीय महासंघांत आहेत त्यांच्यासाठी. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने, म्हणजे श्रम संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाने, जून २०२५ मध्ये प्लॅटफॉर्म कामासाठी बंधनकारक करार आणि सोबत शिफारस, असे दोन्ही करायचे ठरवले. दुसरी चर्चा जून २०२६ च्या अधिवेशनात ठेवली आहे. तिथे कामगारांच्या बाजूने बसणारे प्रतिनिधी तुमच्यातूनच जातात. कामाच्या वेळेच्या व्याख्येत प्रतीक्षा आली पाहिजे, ही सूचना त्यांना लेखी द्या. करार झाला तरी तो आपोआप कुठेच लागू होत नाही. परिषदेच्या समाप्तीपासून साधारणपणे वर्षभरात प्रत्येक सरकारने तो आपल्या सक्षम अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा असतो, आणि मंजुरीसाठी मागे लागण्याचे काम तिथून पुढे आपले.

ॲपचे कामगार ज्या दिवशी सामूहिकरीत्या लॉगआउट करतील, त्या दिवशी त्यांची कामे कायम कामगारांकडून करून घेण्याचा प्रयत्न होईल. त्या दिवशी ती करायला नकार देता येईल असा ठराव आजच करून ठेवा, आयत्या वेळी तो होत नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सभासदत्वाच्या कलमाची दुरुस्ती घ्यावी, अशी माझी लेखी विनंती आहे. दुरुस्तीचा मसुदा करून द्यायची माझी तयारी आहे, आणि त्या सभेला ॲपवर काम करणाऱ्यांपैकी काही जणांना निमंत्रण द्यावे. ठराव त्यांच्याबद्दलचा आहे, तेव्हा तो मांडताना पहिले बोलणे त्यांचे असू द्या.

आपला,
एक सभासद